पिल्लं दाणा खायला लागली, मग रेसला कधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. यंदाची रेसिंग कबुतरांची वीस पिल्लं, वय तीन-साडेतीन महिने. दुसऱ्या टॉसनंतर, म्हणजे बास्केटमधून दूर नेऊन घरी परतायला सोडण्याच्या सरावानंतर, काहींनी दाणा ओकला, शीट हिरवी आणि पाण्यासारखी झाली, पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात बसली. चार-पाच दिवसांत आजार जवळजवळ सगळ्या लॉफ्टमध्ये, म्हणजे कबुतरखान्यात, फिरला. दोन पिल्लं गेली. तुम्ही पाण्यातून पाच दिवस अँटिबायोटिक दिलंत, उरलेली पिल्लं आता खातायत आणि पहिली रेस तीन आठवड्यांवर आली आहे. तुम्हाला तीन गोष्टी हव्यात: औषधाचा दुसरा कोर्स द्यावा का, उडवायला कधी सुरुवात करावी, आणि जी चार पिल्लं आजारी पडलीच नाहीत त्यांना तरी पाठवावं का.

तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. पिल्लू खायला लागलं की आजार उतरणीला लागला एवढंच कळतं. त्याच्या आतड्याची, यकृताची आणि छातीच्या स्नायूंची झीज भरून आली की नाही, हे त्यावरून कळत नाही. माझ्या अनुभवात आजारानं जेवढी पिल्लं मरतात त्याहून जास्त पिल्लं त्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत घाईघाईच्या टॉसवर हरवतात. मालक म्हणतो ससाण्यानं नेलं, हवा वाईट होती. कधी ते खरंही असतं. पण दहा दिवसांपूर्वी ओकणारं पिल्लू थव्याच्या वेगाला पुरलं नाही, मागे पडलं आणि कुठल्यातरी छपरावर बसून राहिलं, हे कारण मला जास्त वेळा खरं वाटतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते स्पष्ट सांगतो. तुमच्या पिल्लांना नेमकं काय झालं होतं, हे दुरून मी सांगू शकत नाही, आणि नुसत्या वर्णनावरून खात्रीनं सांगणाऱ्यावर तुम्हीही विश्वास ठेवू नका. वर्णन ‘यंग बर्ड सिकनेस’शी जुळतं: पहिल्या वर्षाची पिल्लं, बास्केटमध्ये एकत्र येणं, सरावाचा ताण, मग उलटी आणि हिरवी शीट. कित्येक वर्षं याचं खापर अॅडेनोव्हायरस आणि त्याच्या पाठोपाठ वाढणाऱ्या ई. कोलाय जंतूंवर फोडलं जायचं. सर्कोव्हायरसचाही यात हात मानला जातो, कारण तो पिल्लाच्या प्रतिकारशक्तीवरच घाला घालतो. 2016 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात कबुतरांची मोठी साथ आली, तेव्हा त्यामागे रोटाव्हायरस सापडला. पुढे युरोपातल्या आजारी लॉफ्टमध्येही त्याच जातकुळीचा विषाणू मिळाला आणि जर्मनीतल्या संशोधकांनी निरोगी पिल्लांना तो देऊन हीच लक्षणं पुन्हा उभी राहतात हे दाखवलं. म्हणजे आपण ज्याला एक आजार म्हणतो, त्याच्या मागे बहुतेक वेळा एखादा विषाणू असतो आणि जंतू संधी साधून वर स्वार होतात.

दुसऱ्या कोर्सचं उत्तर यातच आहे. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. हा आजार बहुतेक पिल्लांत आठवडाभरात आपोआप ओसरतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे काही दिलं जातं त्याला श्रेय मिळतं. ई. कोलायनं जोर धरला असेल तर अँटिबायोटिकनं पिल्लू वाचतं, हे मी नाकारत नाही. पण कुठल्या औषधाला तो जंतू दाद देतो, हे शिटेच्या कल्चरवरूनच, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून, कळतं. तुमची पिल्लं खातायत, ओकणं थांबलंय. अशा वेळी चाचणीशिवाय दुसरा कोर्स म्हणजे आतड्यात नुकते परतू लागलेले चांगले जंतू पुन्हा मारणं. मी तो देणार नाही.

मात्र औषध नको असं ठरवण्याआधी इतर चार आजार नाहीत ना, हे पाहून घ्या. हिरव्या शिटेवर विसंबू नका. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि पोट रिकामं असलेल्या कुठल्याही कबुतराची शीट हिरवी होते. त्यातून एवढंच कळतं की पिल्लू जेवलेलं नाही.

प्रत्येक पिल्लू हातात घ्या, चोच उघडा आणि उजेडात घसा बघा. पिवळसर, पनीरासारखा थर दिसला तर कँकर, म्हणजे ट्रायकोमोनास. थर नसला तरी कँकर नाही असं नसतं. गळ्याखालच्या क्रॉपमधून, म्हणजे दाणा साठवायच्या पिशवीतून, घेतलेला ओला नमुना ताबडतोब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वळवळणारे परजीवी दिसतात. नमुना वाळला किंवा थंड पडला की ते मरतात आणि तपासणी फसवी होते, म्हणून पिल्लूच डॉक्टरांकडे न्यावं. त्यानंतर पंखांचे आणि पायांचे सांधे चाचपा. कोपराशी गाठ, एक पंख लोंबणं, एका पायावर उभं राहणं आणि सुकत जाणं, असं काही दिसलं तर साल्मोनेलाचा संशय घ्या. साल्मोनेलाचे जंतू शिटेतून रोज बाहेर पडतीलच असं नाही, म्हणून चार-पाच दिवसांची शीट थोडी थोडी गोळा करून तपासायला द्यावी लागते. शिटेभोवती पाण्याचं मोठं थारोळं आणि मध्ये बारीकशी घट्ट गोळी, मान कापणं किंवा वळणं, दाण्यावर चोच मारताना नेम चुकणं, ही लक्षणं पॅरामिक्सोव्हायरसची. आणि नुसतीच पातळ शीट व वजन घटणं असेल तर कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) किंवा जंत. शिटेची साधी तपासणी ते दाखवते.

यापुढे एखादं पिल्लू गेलंच, तर ते लगेच फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि लवकरात लवकर शवविच्छेदनाला द्या. गोठवलं की पेशी फुटतात आणि यकृताच्या कापांवरून कळणारं बरंच काही हातचं जातं. मेलेल्या एका पिल्लाची नीट तपासणी उरलेल्या सगळ्यांसाठी सगळ्यात उपयोगी माहिती देते.

औषधांबद्दल थोडं आणखी, कारण या खेळात पिल्लांचं नुकसान सर्वात जास्त अर्धवट माहितीनं दिलेल्या औषधांनी होतं. पाण्यातून दिलेलं औषध मोजून पोटात जात नाही. ज्याला त्याची गरज आहे ते आजारी पिल्लू पाणीच कमी पितं, आणि उन्हाच्या दिवसांत निरोगी पिल्लं दुप्पट पितात. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू असताना ग्रिट (कबुतरं खातात ती खडी-शिंपल्यांची भरड) आणि कॅल्शियम समोर ठेवलं तर ते औषधाला बांधून ठेवतं आणि औषध शरीरात कमी शोषलं जातं. एन्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपासून वाढत्या वयात सांध्यांच्या कूर्चेला अपाय होण्याचा धोका असतो. कॉक्सिडियासाठीचं अँप्रोलियम ब1 जीवनसत्त्वाची नक्कल करून काम करतं, त्यामुळे त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्स दिलं तर दोन्ही एकमेकांना खोडतात. जंतांसाठी फेनबेंडाझोल कबुतरांना देऊच नका. त्यानं अस्थिमज्जेला इजा होते आणि वाढती पिसं खराब होतात. इतर पक्ष्यांना चालणारं औषध कबुतराला चालेलच असं धरून चालू नका. मात्रा पक्ष्यांच्या डॉक्टरांनी वजन पाहून ठरवू दे.

पुन्हा कधी असा आजार आला तर पहिल्या दोन दिवसांत मी काय करतो ते सांगतो. ओकणाऱ्या पिल्लाचा दाणा बंद करतो, साधारण एक दिवस. आजारात क्रॉप पुढे सरकत नाही, दाणा आतच आंबतो आणि त्यावर जंतू माजतात. पाणी मात्र क्षणभरही बंद करत नाही. त्यात योग्य प्रमाणात विरघळवलेली जलसंजीवनी देतो. पावडर जास्त झाली तर मीठ वाढतं आणि उलट त्रास होतो, म्हणून पाकिटावर लिहिलेलं पाणी मोजून घ्यायचं. स्वतःहून न पिणाऱ्या पिल्लाला मऊ नळीनं क्रॉपमध्ये दर खेपेला 10 मिलिलिटरच्या आसपास, दिवसातून काही वेळा. ही नळी घालायला प्रत्यक्ष कुणाकडून तरी शिकून घ्या, कारण ती श्वासनलिकेत गेली तर पिल्लू हातातच जातं. आणि ऊब. कबुतराच्या अंगाचं तापमान 41 ते 42 अंशांच्या घरात असतं. उपाशी पिल्लाला ते टिकवणंच जड जातं. पिंजऱ्याच्या एका टोकाला ऊब ठेवली की पिल्लू आपल्या सोयीनं जवळ किंवा दूर बसतं. ओकणं थांबलं की थोडा थोडा हलका दाणा: जव, तांदूळ, बारीक बिया. चमचाभर दिला, पचला असं दिसलं, की पुढचा. तुम्हाला हे आता उशिरा मिळतंय, पण पुढच्या हंगामात उपयोगी पडेल.

लॉफ्टची सफाई तुम्ही विचारली नाही, पण ती आत्ता, याच आठवड्यात हवी. अॅडेनो, सर्को आणि रोटा या तिन्ही विषाणूंना चरबीचं बाहेरचं आवरण नसतं, त्यामुळे साधा साबण आणि बरीचशी नेहमीची जंतुनाशकं त्यांचं फारसं काही बिघडवत नाहीत. बरी झालेली पिल्लंही पुढे काही काळ शिटेतून विषाणू टाकत राहू शकतात. म्हणून आधी शीट खरवडून काढायची, जमीन कोरडी करायची, मगच हायपोक्लोराइटसारखं जंतुनाशक; घाणीवर ओतलेलं हायपोक्लोराइट घाणीतच संपून जातं. ते वापरताना पक्षी बाहेर ठेवा आणि त्यात अॅसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका. त्यानंतर लॉफ्ट पूर्ण वाळू द्या. कॉक्सिडियाच्या अंड्यांना पक्व व्हायला ओल आणि थोडा काळ लागतो, त्यामुळे रोजची शीट रोज काढली तर त्यांची साखळी तिथेच तुटते. पाण्याची भांडी रोज घासा. खरवडताना मास्क लावा, नंतर हात धुवा. साल्मोनेला आणि सिटॅकोसिस (पक्ष्यांपासून होणारा फुप्फुसाचा आजार) माणसालाही होतात आणि शिटेची-पिसांची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात जाणं वेगळंच घातक आहे. काम करताना आधी निरोगी पक्षी, शेवटी आजारी.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो: उडवायचं कधी.

दिवस मोजायचे तर शेवटचं पिल्लू ज्या दिवशी शेवटचं ओकलं त्या दिवसापासून मोजा. बहुतेक जण पहिल्या आजारी पिल्लापासून मोजतात आणि तिथेच आठवडा खोटा जमेस धरतात. त्या दिवसापासून किमान तीन आठवडे मी टॉसला नेत नाही. हा नियम पुस्तकी नाही, माझा आहे, आणि सौम्य आजारात तो जरा लांबलचक वाटेल. पण आतड्याचं अस्तर काही दिवसांत नव्यानं येतं, तर यकृत आणि छातीचे स्नायू त्याहून बराच वेळ घेतात, आणि दूरवर उडणारं पाखरू मुख्यतः चरबी जाळून उडतं. ती चरबी साठवायची तर पचन पूर्ण सुधारलेलं हवं.

दिवसांपेक्षा मी पिल्लाकडे बघतो, आणि सर्वात आधी वजनाकडे. सकाळी दाण्याआधी, क्रॉप रिकामं असताना, प्रत्येक पिल्लू छोट्या खोक्यात ठेवून तोला आणि पायातल्या रिंगच्या क्रमांकासमोर लिहा. रेसिंग कबुतर साधारण 400 ते 500 ग्रॅमचं असतं, पण आकडा प्रत्येकाचा निराळा. तुम्हाला वाढता कल हवाय. एक आठवडा नीट खाऊनही वजन जागेवर असेल, किंवा छातीच्या हाडाची धार बोटाला टोचत असेल, तर ते पिल्लू सराव करणाऱ्यांच्या यादीतून काढा आणि तपासा.

सकाळची शीट: छोटी, घट्ट, वर पांढरी टोपी. लॉफ्टच्या जमिनीवर रोज सकाळी बारीक मऊ पिसं पडलेली दिसायला हवीत. आजारात ती पडायची थांबतात, आणि पुन्हा पडू लागली की मला बरं वाटतं. चोचीवरचा फुगीर भाग खडूसारखा पांढरा हवा, करडा किंवा ओलसर नको. छातीची पिसं फुंकरून बाजूला करा: कातडी गुलाबी, नितळ हवी, निळसर आणि कोंडा धरलेली असेल तर अजून थांबा. पंख पसरून मोठी पिसं एकेक बघा. आजाराच्या दिवसांत जे पीस वाढत होतं त्यावर आडवी, बारीक, कमकुवत रेघ उमटते. एखाद-दुसऱ्या पिसावर असेल तर चालेल. बऱ्याच पिसांवर असेल तर त्या पिल्लाला यंदा लांबची रेस नको, कारण पीस तिथेच मोडतं.

दाणा हलका ठेवायचा तो पहिले काही दिवसच. बरेच जण घाबरून महिनाभर जवावर ठेवतात. ही पिल्लं अजून वाढतायत, त्यांची पिसंही बदलतायत. पीस बनतं ते प्रथिनांपासून, त्यामुळे वाटाणा आणि इतर कडधान्यं आठवडाभरात हळूहळू परत आली पाहिजेत. ग्रिट पहिल्या दिवसापासून.

आणि सर्वात मोठी खूण उडण्यात आहे. दार उघडा आणि काही करू नका. झेंडा नको, काठी नको, आवाज नको. पहिल्या दिवसांत पिल्लं दोन फेऱ्या मारून छपरावर बसतील. बसू द्या. त्यांना हाकून उडवलं तर तुम्हाला त्यांची तब्येत कळणारच नाही, फक्त भीती दिसेल. तब्येत परतली की एक दिवस ती आपणहून थव्यानं दूर जातात, नजरेआड होतात आणि बऱ्याच वेळानं परततात. असं सलग काही दिवस झालं, उतरल्यावर चोच मिटलेली असली आणि दुसऱ्या सकाळी शीट तशीच घट्ट असली, तर टॉसची वेळ झाली. पहिला टॉस अगदी जवळचा, नुसता काही किलोमीटरचा, जणू पहिल्यांदाच नेताय असा. त्यानंतर एक दिवस विश्रांती आणि शीट बघणं. मग अंतर वाढवा. मधल्या काळात घरीच दोन-तीन रात्री बास्केटमध्ये ठेवून भांड्यातून पाणी प्यायला शिकवा. बास्केटमध्ये पाणी न पिणारं पिल्लू रेसला निघण्याआधीच सुकलेलं असतं.

हे सगळं जमवलं तर तुमची पहिली रेस हातची जाते, कदाचित दुसरीही. जाऊ द्या. पहिल्या वर्षी फारसं न उडालेलं कबुतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उत्तम उडतं. हरवलेलं पिल्लू कुठल्याच वर्षी उडत नाही. रेसच्या तारखेपेक्षा पिल्लाच्या शरीराला वेळापत्रक ठरवू दे, एवढंच मी आग्रहानं म्हणेन. चार आठवड्यांनंतरही जी मागे राहतील, पुन्हा पुन्हा आजारी पडतील, त्यांची सर्कोव्हायरस आणि साल्मोनेलासाठी तपासणी करा आणि तोवर त्यांना वेगळं ठेवा.

पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी. पॅरामिक्सोची लस दिलेली नसेल तर पिल्लं पूर्ण बरी झाल्यावर द्या. आजारी पिल्लाला लस टोचू नये, त्याचं शरीर तिला नीट प्रतिसाद देत नाही. पुढच्या पिल्लांना मात्र सरावाच्या बरंच आधी, साधारण पाच-सहा आठवड्यांच्या वयात, लसीच्या सूचनेप्रमाणे. काही देशांत रोटाव्हायरसची लसही मिळते, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि दाटी कमी करा. मावतील तेवढी पिल्लं ठेवणं आणि सुखानं बसतील तेवढी ठेवणं यात आजाराचा अर्धा हिशेब असतो. बाहेरून आलेलं, किंवा हरवून आठवड्यानं परतलेलं कबुतर तीन-चार आठवडे वेगळं राहायलाच हवं.

राहिली ती आजारी न पडलेली चार पिल्लं. त्यांना पाठवू नका. त्यांनी तेच पाणी प्यायलं, त्याच जमिनीवरचे दाणे टिपले. लक्षणं दिसली नाहीत म्हणून ती विषाणूपासून दूर राहिली असं होत नाही. त्यांच्या शिटेतही तो असू शकतो, आणि रेसच्या बास्केटमध्ये त्यांच्या शेजारी दुसऱ्या कुणाची तरी तीन महिन्यांची पिल्लं असतील. बाकीच्यांबरोबर त्यांनाही थांबवा आणि तुमच्या क्लबच्या सेक्रेटरींना आजच कळवा, कारण दुसऱ्या टॉसच्या वेळी तुमच्या पिल्लांबरोबर ज्यांची पिल्लं एकाच गाडीत होती, त्यांनी आपल्या लॉफ्टमधली शीट याच आठवड्यात बघायला हवी.